दोन स्टेशनांच्या मधली खोली

ही गोष्ट माझ्या सख्ख्या आत्याची आहे. भुताखेताच्या गप्पा निघाल्या की ती हसून उठून जायची. त्यामुळे तिने हे सगळं मला सांगितलं तेव्हा वाटलं, थट्टा करतेय.

ती थट्टा करत नव्हती.

तारीख पक्की सांगतो. दोन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर, दुसरा मंगळवार. दुपारचे पावणेचार. बाहेर लख्ख ऊन होतं. पटायचं असेल त्याला पटेल, पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

आत्याने एकतीस वर्षं कानाच्या दवाखान्यात नोकरी केली. लोकांचे कान तपासायचे, ऐकायची मशीनं दुरुस्त करायची. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले, म्हणून घराच्या मागच्या खोलीत ती जुने व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करायला लागली. आत काचेचे दिवे पेटतात ना, ते.

गंमत बघा, तिच्या यजमानांनाच ऐकू येत नाही. काका दोन्ही कानांनी जवळजवळ ठार बहिरे. मशीन लावलं तर ठीक. काढलं तर कानाशी ढोल बडवा, मान वळणार नाही. आत्या म्हणायची, "आमच्याकडे भांडण टिकतच नाही. मी तोंड उघडलं की हे मशीन काढून खिशात टाकतात."

तर त्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला एक शिवणकाम करणाऱ्या बाई तिच्याकडे एक रेडिओ घेऊन आल्या. जुन्या चादरीत गुंडाळलेला.

"भाऊ गेला माझा," त्या म्हणाल्या. "त्याचं घर रिकामं केलं. हा कुठला, कधीचा, एवढं सांगा. आणि वाजतो का बघा."

आत्याने चादर सोडली. मागचं झाकण गायब. समोरचं कापड फाटलेलं. कंपनीचं नाव कुठेही नाही.

तिला असलं काम म्हणजे मेजवानी. व्हॉल्व्ह एकेक काढून फडक्याने पुसले, पाय मोजले. पाच व्हॉल्व्ह, आणि सहावा तो हिरवा डोळा. समोरच्या काचेमागे बसवलेला असतो. स्टेशन नीट लागलं की डोळ्यातला काळा पट्टा मिटत जातो. एवढ्यावरून वयाचा अंदाज आला, सत्तरच्या वर. पण कंपनी काही जुळेना. ट्रान्सफॉर्मर एकाचा, डायलची काच दुसऱ्याची, पेटी तर सुताराने रंधा मारून केलेली.

"हा कुठल्याच कंपनीचा नाही," ती काकांना म्हणाली. "कुणीतरी घरी बसून जोडलाय."

पेटीच्या आत, वरच्या फळीवर, पेन्सिलने काही लिहिलं होतं. आधीच्या मेकॅनिकांची ही सवयच असते. तारीख आणि काय केलं ते. तिथे चार नोंदी होत्या. चार वेगवेगळी अक्षरं, मध्ये वर्षांची अंतरं.

चौघांनीही एकच लिहिलं होतं.

'आवाज येतो. दोष सापडला नाही.'

आत्या हसली. "चौघांचे कान तपासायला हवे होते," म्हणाली आणि कामाला लागली.

आठ दिवस लागले. वाळून कडक झालेली वायर बदलली. जुने कंडेन्सर काढून नवे टाकले. मग मध्ये एक साधा बल्ब जोडून करंट हळूहळू सोडला, काही जळू नये म्हणून. व्हॉल्व्ह तांबूस झाले. डोळा हिरवा उमलला. बातम्या लागल्या, स्वच्छ.

तो हा मंगळवार.

ती काटा हळूहळू फिरवत होती. एक स्टेशन गेलं. दुसरं यायचं होतं. मध्ये नुसती खरखर.

आणि मग खरखर थांबली…

एकदम. कुणी दार लावून घ्यावं तशी.

समोरच्या हिरव्या डोळ्यातला काळा पट्टा मिटला. पूर्ण मिटला. इतका तो जवळच्या स्टेशनलाही मिटला नव्हता. म्हणजे काहीतरी फार जोरात येत होतं.

पण ऐकू काहीच येत नव्हतं.

आत्याने कान लावला. एकतीस वर्षं बारीक आवाज टिपणारा कान तो. तिला कळलं की ही शांतता रेडिओ बंद असल्याची नाही. ही एखाद्या खोलीतली शांतता आहे. मोठी खोली. आत माणसं बसलेली आहेत आणि कुणी बोलत नाहीये…

कपात चमचा फिरला.

खुर्ची सरकली.

आत्या दचकली नाही. सैल झालेला व्हॉल्व्ह कधीकधी माईकसारखा वागतो, आपल्याच खोलीतले आवाज पकडतो. तिने टेबलावर टिचकी मारली. रेडिओतून टिचकी आली नाही. मग तिने एरियलची वायर उपटून काढली. आता सगळी स्टेशनं जायला हवीत.

तिने काटा फिरवून पाहिला. बातम्या गेल्या. गाणी गेली.

काटा परत त्या जागी आणला, तर ती खोली मात्र तिथेच होती.

आणि तेवढ्यात पुढच्या खोलीतून काकांचा आवाज आला.

"हो हो, येतो!"

आत्या बाहेर आली. "कुणाला म्हणालात?"

काकांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. तिने हाताने विचारलं, काय?

"अगं, तूच हाक मारलीस ना?"

मशीन कानात नव्हतं. ते टीव्हीशेजारी, डबीत होतं.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला काका स्वतःहून मागच्या खोलीत आले. खुर्ची ओढली, रेडिओसमोर बसले, आणि काटा बरोबर त्या जागी नेला. त्यांना ती जागा कुणी दाखवली नव्हती.

तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्याही.

आत्याला फक्त चमचा ऐकू यायचा, कधी खुर्ची, कधी कुणाचं खाकरणं. काका मात्र मान डोलवायचे. मध्येच हसायचे. "छे हो, असं कसं," असं काहीतरी म्हणायचे. घरात बायकोशी दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस तिथे तासभर गप्पा मारायचा.

"कोण आहे तिकडे?" तिने एकदा मशीन बळेच त्यांच्या कानात घालून विचारलं.

काकांनी वैतागून मशीन काढलं. "मशीन घातलं की ते थांबतात," म्हणाले. "तिघं आहेत. चांगली माणसं आहेत गं. माझ्यासाठी जागा धरून ठेवलीये."



त्या रात्री ते जेवले नाहीत. भूक नाही म्हणाले. चार-पाच दिवसांत चेहरा उतरला, शर्ट खांद्यावर लोंबायला लागले.

आत्याने शिवणकामवाल्या बाईंना फोन लावला. भावाबद्दल विचारलं.

बाई जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, "त्याला ऐकू येत नव्हतं. पण शेवटचं वर्षभर मशीन लावायचाच नाही. म्हणायचा, गरज नाही. दुपारी त्या रेडिओपुढे बसायचा. बसल्या बसल्याच गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय."

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"मला वाटलं, माझ्याच मनाचे खेळ." मग त्या म्हणाल्या, "बाई, तो रेडिओ माझ्याकडे परत आणू नका."

आत्याने फोन ठेवला आणि सरळ स्क्रूड्रायव्हर उचलला.

तिने व्हॉल्व्ह उपसून काढले. स्पीकरच्या वायरी कापल्या. काका दारात येऊन उभे राहिले आणि अडतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा तिच्यावर ओरडले.

"हात लावू नकोस!"

तिने लावला. पेटी फोडली, भंगारवाल्याच्या गाडीवर स्वतः नेऊन टाकली. व्हॉल्व्ह वेगळे, कागदात गुंडाळून, दुसऱ्या टोकाच्या कचराकुंडीत. हिरवा डोळा तिने हातोडीने फोडला. मला सांगताना म्हणाली, "काचेचाच होता रे. पण फोडताना मी त्याच्याकडे बघितलं नाही."

मग ती काकांना घेऊन तिच्या जुन्या दवाखान्यात गेली. बंद खोलीत बसवून, जुन्या सहकारिणीकडून दोन्ही कान तपासून घेतले. रिपोर्ट सहा वर्षांपूर्वी होता तसाच. काडीचा फरक नाही. मशीनशिवाय या माणसाला काही ऐकू येणं शक्य नाही, असं सहकारीण म्हणाली.

"बघ," आत्या म्हणाली. तिच्या हातातलं घड्याळ पावणेचार दाखवत होतं.

काचेपलीकडे काका एकटेच बसले होते. हेडफोन उतरवून मांडीवर ठेवलेला.

त्यांनी मान तिरकी केली…

आणि हसले.

सहकारिणीने तपासणीचं मशीन केव्हाच बंद केलं होतं.

त्यानंतर आत्याने कुणाला काही विचारायचं सोडून दिलं. जेवण मात्र ती आता समोर बसून भरवते, म्हणून तब्येत जरा सावरली आहे. रोज दुपारी ते मागच्या खोलीत जातात. खुर्ची मोकळ्या टेबलाकडे वळवतात. ती त्यांचा हात धरून शेजारी बसते. हात सोडायचा नाही, एवढंच तिने ठरवलंय.

गेल्या महिन्यात असंच बसलेले असताना काका अचानक तिच्याकडे वळले. डोळे अगदी स्वच्छ होते.

"तू कधी येतेस, विचारतायत," म्हणाले. "काय सांगू?"

आत्याने त्यांचा हात घट्ट धरला. तिने जोरात मान हलवली. नाही म्हणून सांगा.

काकांनी टेबलाकडे पाहत ते सांगितलं. मग ऐकत राहिले. बराच वेळ. शेवटी त्यांनी तिच्या हातावर हळूच थोपटलं.

"घाई नाही म्हणतात."

हे सगळं आत्याने मला फोनवर सांगितलं, परवा. इतकं हळू की फोन कानात रुतवून ऐकावं लागत होतं.

मी म्हणालो, "आत्या, जरा मोठ्याने बोल ना. काकांना थोडंच ऐकू जाणार आहे?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

मग ती कुजबुजली.

"काकांसाठी नाही रे."