कोरड्या टोकाची पहार

ही गोष्ट तुम्हाला पटायची नाही. माझी कुठलीच पटत नाही. मी धरलेला पाईक मासा पाण्याबाहेर काढला तेव्हा तळं वीतभर उतरलं आणि माझ्या मेव्हण्याची होडी चिखलात बसली, हे मी चाळीस वर्षं सांगत आलोय. लोक मान डोलावतात आणि कॉफी ओततात. पण ही त्यातली नाही. ही थाप असती तर मी हिला जास्त चांगलं नटवलं असतं.

तसंही आपल्याला बसायचंच आहे. शेगडी पेटलीय, घोड्याच्या पाठीवर घोंगडी आहे, जाळं घसरगाडीवर बांधून तयार आहे. तायमी पलीकडे पोचून हात वर करीपर्यंत या झोपडीतून कुणी बर्फावर पाय टाकायचा नाही, हा आपल्या टोळीचा नियम. ऐका. ठक, ठक. मग पावलं. मग पुन्हा ठक, ठक. सावकाश चाललीय. तेवढ्यात गोष्ट होईल.

दोन बेटांच्या मध्ये तळं आवळलं जातं, त्या जागेला आपण गळा म्हणतो. वर बर्फ, खाली पाण्याची ओढ. गळ्यापलीकडच्या डोहात हिवाळा सरताना मुइक्कू माशांचे थवे येतात, बोटाएवढे, चांदीसारखे. सगळ्या हिवाळ्यात मिळत नाही ते तिथे जाळ्याच्या एका ओढीत मिळतं. म्हणून गळा ओलांडायचा, आणि म्हणूनच टोळीच्या पुढे पहारीनं बर्फ ठोकून बघत कुणीतरी चालायचं. पूर्वी हा मान तायमीच्या नवऱ्याच्या, ओन्नीच्या घराचा होता. त्याचा बाप चालला, आजा चालला. नियम पोराटोरांना पाठ. पहिल्याच घावाला पाणी आलं तर माघारी फीर. एक घाव टिकला तर बर्फ माणसापुरता, दोन टिकले तर माणूस आणि घसरगाडी, तीन टिकले तर घोडा.

ओन्नी एका एप्रिलमध्ये एकटाच गळ्यात गेला आणि परत आला नाही. तोही सापडला नाही, टोपीही नाही. सापडली ती पहार. बर्फाला पडलेल्या भोकाच्या काठाशी आडवी पडलेली, मनगटात अडकवायची चामड्याची वादी शाबूत. टोळीचा म्होरक्या वाल्फ्रिड वाकला, टोकावरून त्यानं बोट फिरवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "कोरडी आहे."

एवढंच. बाकीचं गावानं केलं. माणूस गिळणारा बर्फ पहिल्याच घावाला पाणी देतो; टोक कोरडं, म्हणजे ओन्नीनं घावच घातला नाही. आळस केला. कुणी म्हणालं, प्यायला होता. तायमीच्या तोंडावर कुणी काही बोललं नाही. फक्त पुढे चालायचा मान वाल्फ्रिडच्या घरी गेला, आणि तिच्याकडे फाटकी जाळी शिवायला येऊ लागली.

तायमीनं ती पहार दाराजवळच्या खुंटीला टांगली. अकरा वर्षं दर शनिवारी, सॉनाची चूल पेटवायच्या आधी, ती तिला तेल लावायची. रडताना तिला कुणी पाहिलं नाही. मी तर नाहीच, आणि मी बघायचा प्रयत्न केला होता.

अकराव्या वर्षी वाल्फ्रिडनं शहरातून बर्फाला भोक पाडायचा गिरमिट आणला. लांब, चकचकीत, सोबत खुणा केलेली पट्टी. चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून त्यानं तो सगळ्यांना दाखवला. ठोकून कान लावायचे दिवस गेले, म्हणाला, आता मोजायचं. बर्फ दोन विती भरला की माणूस, तीन भरला की घोडा. आठवड्यानं आपण गळा ओलांडतोय.

लोक गिरमिट हाताळत होते, तेव्हा मागून तायमी म्हणाली, "एप्रिलचा बर्फ मोजून कळत नाही. मी पुढे चालते."

वाल्फ्रिड हसला. वाईट माणूस नव्हता तो; फक्त स्वतःचं बरोबर ठरण्याची त्याला फार सवय होती. "वहिनी," तो म्हणाला, "तुमच्या घरची पहार आम्ही एकदा बघितलीय."

त्याच दुपारी तिनं पहार खुंटीवरून काढली आणि लोहाराकडे नेली.

हेर्मान्नी लोहार बोलायला कमी आणि बघायला जास्त. त्यानं पहार हातात घेतली नाही. टोक झिजलंय, म्हणाला, मी नवीन करून देतो, बुडालेल्याची पहार पुन्हा बर्फावर नेत नाहीत. तायमी म्हणाली, नवीन नको, याच लोखंडाची हवी, माझ्या उंचीची, माझ्या मुठीत मावेल अशी. तिनं मोडक्या नांगराचा फाळही आणला होता, टोकाला पोलाद जोडायला. आणि एक बादली. बादलीत पाणी.

"हे कुठलं?" हेर्मान्नीनं विचारलं.

"गळ्यातलं. काठाजवळ भोक पाडून काढलं. टोकाला पाणी द्यायचं ते याचंच."

हेर्मान्नीनं भात्याची दोरी सोडून दिली. त्याचा बाप विहिरीच्या पाण्याखेरीज कशातही लोखंड बुडवत नसे. "तळ्याचं पाणी प्यालेलं लोखंड तळ्याचं ऐकतं, तायमी."

"ऐकू दे. माणसांचं ऐकून काय मिळालं?"

तिनं सोबत राय धान्याच्या कणकेत भाजलेल्या माशांची मोठी भाकरी आणली होती. ती तिनं ऐरणीवर ठेवली आणि दारातल्या ओंडक्यावर बसली. उठायचं तिच्या मनात नाही हे हेर्मान्नीला कळलं. शेवटी त्यानं भाता ओढला.

लाल टोक पाण्यात गेलं की चर्रर्र होतं, वाफ छपराला लागते. हेर्मान्नीनं टोक बादलीत घातलं. आवाज झाला नाही. वाफही आली नाही. लाली पाण्यात हळूहळू मावळली, जशी संध्याकाळ मावळते. हेर्मान्नीनं बादलीत बोट बुडवलं आणि झटकन काढलं. पाणी तसंच होतं. बर्फाइतकं गार.

त्यानं भूर्जाचा नवा दांडा बसवला, जुनीच वादी अडकवली आणि पहार तिच्या हातात देऊन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तायमी आपल्या घरासमोरच्या उथळ पाण्यावर गेली. तिथला बर्फ हातभर जाड होता. पहार हाताला बसतेय का तेवढंच तिला बघायचं होतं. तिनं एक घाव घातला. ठक. पहार उचलली. खालून आवाज आला: ठक.

ती घाबरणाऱ्यातली नव्हती. तळं बोलतं हे आपल्याला काय नवीन आहे? थंडी वाढली की कण्हतं, ऊन पडलं की तडतडतं. ती दहा पावलं सरकली. पुन्हा एक घाव, पुन्हा एक उत्तर. बेटाचा प्रतिध्वनी असेल म्हणून तिनं कुऱ्हाडीची मुंडी आपटली. एकच आवाज. शेजारच्या घरून पहार मागून आणली. एकच आवाज. आपली उचलली. दोन.

शेवटी तिनं नुसती पहार धरली आणि घाव घातलाच नाही. बराच वेळ काही झालं नाही. मग तिच्या बुटांच्या तळव्याखाली, दारावर बोटाच्या पेरानं वाजवावं तसं, एकदा वाजलं.

हे तिनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. मी विचारलं, तेव्हा तू काय केलंस? म्हणाली, खाली वाकले आणि म्हटलं, "कोण आहेस ते मला नको. मी बर्फाला विचारतेय, तुला नाही."

मग घरी येऊन तिनं बटाटे उकडले.

ठरलेल्या दिवशी सकाळी आम्ही आठ जण घोड्यासह गळ्याशी आलो, तर ती आधीच बर्फावर उभी. तिनं कुणाला विचारलं नाही, आणि तिला अडवायला कुणी पुढे झालं नाही. रात्री थंडी कडक पडली होती, बर्फावर कोरडी साय धरली होती. वाल्फ्रिडनं खांद्यावर गिरमिट टाकला आणि म्हणाला, वहिनींना फिरायला जायचंय तर जाऊ द्या, मी मोजत येतो.

ती पुढे, वीस पावलं मागे तो, त्यामागे आम्ही आणि घोडा.

तिचा घाव. खालून उत्तर. घोड्यानं कान मागे टाकले होते, ते मी पाहिलं.

घाव, उत्तर. पावलं. घाव, उत्तर.

वाल्फ्रिड जिथे भोक पाडी तिथे पट्टी तीन विती दाखवी. तायमीचा बर्फ तीन घाव टिके. दोघांचं पटत होतं. तो तर शीळ घालायला लागला.

गळ्याच्या मधोमध ती थांबली.

पहिला घाव. टिकला. दुसरा. टिकला. तिसरा तिनं दोन्ही हातांनी घातला. टिकला. पाण्याचा थेंब नाही.

खालून काही आलं नाही.

तिनं वाट पाहिली. 

वाल्फ्रिडनं तिच्या मागे गिरमिट फिरवला, पट्टी घातली. "तीन विती, वहिनी. यावर चर्च उभं राहील."

"नाही."

"का नाही?"

"सांगता यायचं नाही. इथून कुणी जायचं नाही."

त्यानं तिच्या घावांकडे पाहिलं. तीन पांढऱ्या चांदण्या, तिन्ही कोरड्या. तो नियम त्यालाही पाठ होता. "तुमच्याच पहारीनं होकार दिलाय," तो म्हणाला आणि गिरमिट खांद्यावर टाकून तिला वळसा घालून पुढे गेला.

चार पावलं गेला.

पाचव्याला बर्फ तडकला नाही. उसवला. वरची साय तेवढी सलग होती. खाली सगळी उभी कांडी, मेणबत्त्यांची जुडी दोरी सोडल्यावर पसरावी तशी. वाल्फ्रिड छातीपर्यंत गेला, मग टोपीपर्यंत, मग टोपीही दिसेना.

तायमी पोटावर पडली. पहारीचं टोक तिनं आपल्या छातीशी धरलं आणि दांडा भोकात सोडला.

भोकात हात आला नाही.

ती बर्फाला तोंड लावून काहीतरी बोलली. काय ते मला ऐकू आलं नाही, पण विनवणी नव्हती ती. दारात कर्जवसुलीला आलेल्याला हाकलावं तसा सूर होता.

वाल्फ्रिड वर आला. चढून नाही, पोहूनही नाही. कमरेपर्यंत सरळ वर, जसं मूल उचलून ओट्यावर बसवतात. त्यानं दांडा धरला, आम्ही तिचे पाय धरले, आणि दोघांना ओढलं.

तो घसरगाडीवर थरथरत बसला होता. गिरमिट तळाशी गेला होता. घोंगडीतून तो एकच म्हणाला, की पायाखाली काहीतरी टेकलं. तिथे पाणी सात वाव, म्हणजे सात पुरुष खोल आहे. 

तायमी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिचा कोट भिजून कडक व्हायला लागला होता. तिनं पहार उलटी केली आणि टोक त्याच्या नाकासमोर धरलं.

"बोट फिरव."

त्यानं हात घोंगडीतून काढला नाही.

"तीन घाव घातले मी. तुझ्या डोळ्यांदेखत, सगळ्यांच्या देखत. फिरव बोट."

वाल्फ्रिडनं हातमोजा काढला. निळं पडलेलं बोट त्यानं टोकावरून फिरवलं, एकदा, आणि पुन्हा एकदा.

"कोरडी आहे," तो म्हणाला.

अकरा वर्षांपूर्वीचेच शब्द, आणि त्याचाच आवाज. पण या वेळी त्याचा अर्थ आम्हा आठही जणांना कळला. आपल्या आजांनी शिकवलेला नियम त्या जागी खोटा होता. ओन्नीनं तीन घाव घातले असतील, तिन्ही टिकले असतील, टोक कोरडंच राहिलं असेल. घाव घातल्यावरच त्यानं पाऊल टाकलं.

"गावात सांग," तायमी म्हणाली. "चर्चच्या पायऱ्यांवर. गिरमिट दाखवलास ना, तिथंच उभा राहून."

त्यानं सांगितलं. पुढच्या रविवारी, टोपी हातात धरून. तेव्हापासून पुढे चालायचा मान तिच्या घराकडे परत आला, आणि आज सत्तरीतही तिनं तो कुणाला दिलेला नाही.

झाली गोष्ट. आता तुम्ही विचाराल, खालच्या त्या उत्तराचं पुढे काय झालं? काही नाही. ओन्नीचं नाव धुऊन निघालं आणि उत्तर थांबलं. पहार त्या दिवसापासून मुकी आहे, निव्वळ लोखंड. आता तुम्हाला ऐकू येताहेत ते दोन्ही घाव तिचेच. तीनचा नियम तिनंच मोडीत काढला, म्हणून दोन मारते. कॉफी आहे का अजून?

वाल्फ्रिडची सून सीर्का मघापासून खिडकीशी बसून बटाटे सोलत होती. तिची सुरी थांबली होती. बाहेर वाजलं: ठक, ठक.

"खोटं बोलताय, काका," ती खिडकीवरची नजर न काढता म्हणाली. "मी सुरुवातीपासून बघतेय. ती एकदाच मारते. दुसऱ्या ठोक्याला पहार तिच्या खांद्यावर असते."