बातमी हातांत असते

आमच्या गच्चीवर एक अनोळखी माणूस अँटेनाला मिठी मारून उभा होता.

मिठीच म्हणायची ती. एका हाताने दांडा धरलेला, दुसऱ्या हातात कसलंसं मीटर, आणि गाल त्या गार नळीला टेकवून तो दूरच्या टेकडीकडे टक लावून बघत होता. पावसाची सर नुकतीच येऊन गेली होती. दोरीवरचे कपडे पुन्हा भिजून लोंबत होते, आणि त्यातलं माझं कामाचं काळं जाकीट त्याच्या पायाखाली पडलं होतं.

रोज सकाळी प्रार्थनेनंतर मी एकच नेम करते – संध्याकाळपर्यंत कुणावर रागवायचं नाही. एरवी तो बरा चालतो. त्या दुपारी मात्र जिन्याची शेवटची पायरी चढता चढताच मोडला.

"आधी हात काढा!"

तो दचकला. "कुणाचा?"

"तुमचा! अँटेनावरचा. आणि जाकिटावरचा पाय. कुणी चढू दिलं तुम्हाला वर?"

"खाली काका होते ना... मी विचारलं, वर जाऊ का? त्यांनी मान डोलावली."

"बाबांना ऐकू येत नाही. जन्मापासून. ते सगळ्यांनाच मान डोलावतात. उद्या चोर आला तरी डोलावतील."

"चोर मीटर घेऊन येत नाहीत हो," तो हळूच म्हणाला. मग जाकीट उचलून, झटकून, दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरत म्हणाला, "मी टेकडीवरच्या प्रक्षेपण केंद्रातला इंजिनिअर. डिजिटल प्रक्षेपण सुरू झाल्यापासून या भागातून फार तक्रारी येतायत. म्हणून घरोघरी सिग्नल मोजत फिरतोय."

"भागातून नाही, या घरातून. सगळ्या मीच केल्यात."

त्याचे डोळे मोठे झाले. "म्हणजे... वादळ तुम्हीच?"

"काय?"

"काही नाही. केंद्रात तुमच्या फोनला तसं म्हणतात. घंटा वाजली की सगळे एकदम चहाला जातात."

हसू येण्यासारखं होतं. पण मी येऊ दिलं नाही. "काय म्हणतंय मग तुमचं मीटर?"

"सिग्नल ठणठणीत आहे. अँटेना बरोबर टेकडीकडे आहे, वायर चांगली आहे. तुमच्या टीव्हीला काहीही झालेलं नाही."

"चला खाली," मी म्हटलं. "दाखवते काय झालंय ते."

खालच्या खोलीत बाबा खुर्चीत बसले होते, टीव्हीकडे पाठ करून. गेले काही दिवस ते असेच बसतात. मी टीव्ही लावला. आदल्या दिवशीचं बातमीपत्र दुपारी पुन्हा लागतं, ते चालू होतं. पडद्यावर मी. तेच काळं जाकीट घातलेली.

हे माझं काम. प्रादेशिक वाहिनीवर ऐकू न येणाऱ्यांसाठी खुणांच्या भाषेत बातम्या द्यायच्या. सकाळी आधी चित्रण होतं, संध्याकाळी बातम्या लागतात. बाबांना अक्षरं येतात, पण वाचणं म्हणजे त्यांना परक्या घरी पाहुणं गेल्यासारखं वाटतं. हातांची भाषा ही त्यांची घरची. माझीही तीच पहिली भाषा. तोंडाने मी नंतर बोलायला लागले.

तो पडद्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मग पुन्हा पडद्याकडे.

"चित्र तर स्वच्छ आहे," तो म्हणाला. "चेहरा तर अगदी... म्हणजे, फारच छान दिसतोय."

"चेहरा!" माझा आवाज इतका चढला की कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेला असेल. "अहो, चेहरा काय बघताय? हात बघा! बातमी हातांत असते!"

त्याने वाकून पाहिलं. पडद्यावर माझा चेहरा शांत, भांगसुद्धा मोजता यावा इतका रेखीव. आणि छातीपुढे, जिथे हात असायला हवेत, तिथे नुसते चौकोन. करडे, तपकिरी, एकमेकांवर घसरणारे. बोटं नाहीत, तळवे नाहीत. जणू मी दोन खोकी हलवत होते.

बाबांनी माझी बाही ओढली. *काय म्हणतोय हा?*

*काही नाही,* मी खुणेने म्हटलं.

त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. आमच्या घरातला हा सगळ्यात जुना कायदा. मी लहानपणापासून दुकानदाराचं, डॉक्टरचं बोलणं त्यांना सांगत आले, आणि एक शब्द गाळला की अशीच थाप पडायची. मग सांगितलंच. *म्हणतोय, चेहरा छान दिसतोय.*

बाबा त्या माणसाला आपादमस्तक न्याहाळून हसले. मग दोन बोटं कपाळावर शिंगांसारखी उभी करून हलवली.

"काय म्हणाले?" त्याने विचारलं.

"तुमचं नाव ठेवलं. आमच्यात प्रत्येक माणसाला एक खूण असते. तुम्ही... नाकतोडा."

"बरं," तो गंभीरपणे म्हणाला. "वादळापेक्षा बरं आहे."

मी टीव्हीचा आवाज बंद केला. माझा संयमही तिथेच संपला. "मागच्या आठवड्यात बातमी होती, दवाखाना बंद राहणार म्हणून. मीच दिली होती. बाबांना 'दवाखाना' तेवढा कळला, 'बंद'च्या वेळी हातांचे चौकोन झाले. गुडघा धरत धरत गेले आणि बंद दारापुढे उन्हात उभे राहिले. मी सांगितलेली बातमी माझ्याच बापाला पोचत नाही. आणि आता वाहिनीवाले म्हणतात, तुमचं बातमीपत्र कुणी बघत नाही, महिनाअखेर बंद करू. कसं बघतील? काय बघतील?"

तो बराच वेळ पडद्यावरचे चौकोन बघत राहिला आणि मग खाली बसला, स्टुलावर, हळूहळू, पाय दुखावल्यासारखा.

"एका टाकीवर पुष्कळ नळ असतात ना... तसं असतं हे," तो म्हणाला. "एकाच लहरीवर सगळ्या वाहिन्या. जागा तेवढीच, ती वाटून द्यायची. जिथे चित्र फार हलतं तिथे धार मोठी. खेळांना सगळ्यात मोठी. आणि जिथे माणूस नुसता बसून बोलतो, तिथे बारीक धार पुरते. बातम्यांना म्हणून..."

"म्हणून?"

"बातम्या देणारा माणूस हलतो कुठे, असं वाटलं."

"कुणाला वाटलं?"

खिडकीच्या गजांवरून पावसाचे थेंब टपकत होते. त्याने मान वर केली.

"मला. ही वाटणी मीच केली."

"आणि एकदाही ही वाहिनी लावून बघितली नाहीत?"

"मी वाहिन्या बघत नाही," तो पुटपुटला. "मीटरचे काटे बघतो."

बाबांनी बाही ओढली. मी सांगितलं, सगळं, एक शब्द न गाळता. बाबा हसले नाहीत. उठले आणि आत निघून गेले.

"उद्या बदलतो," तो दारात म्हणाला.

"तुमच्या उद्यावर माझा विश्वास नाही. मी येते तिथे."

आणि गेले. टेकडीवर इतका वारा होता की छत्री उलटी होऊन मला मागे ओढत होती. केंद्राच्या फाटकात तो उभा होता, भिजलेला, पडलेल्या चेहऱ्याने.

"साहेब नाही म्हणतायत. सामने चालू आहेत. खेळांची धार कमी करायची नाही म्हणे."

साहेबांच्या खोलीत एका भिंतीभर पडदे होते आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या पडद्यावर हिरवं मैदान. साहेब त्यावरून नजर न काढता म्हणाले, "बाई, तुमचं दुःख कळतं मला. पण सामना किती लोक बघतात आणि तुमच्या बातम्या किती, याचा काही विचार कराल की नाही?"

माझ्या ओठांवर जे आलं होतं ते आवाजात बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून मी तोंड मिटलं आणि हातांनी बोलायला लागले. सगळं बोलले. उन्हातल्या दारापासून साहेबांच्या मैदानापर्यंत. हात भराभर चालत होते, बाही कोपरापर्यंत सरकली होती, बांगडी मेजावर आपटत होती.

साहेबांना शेवटी मैदान सोडून माझ्याकडे बघावं लागलं. "हे... काय म्हणतायत या?"

"मला ती भाषा येत नाही साहेब," इंजिनिअर म्हणाला. "पण बरं काही म्हणत नाहीयेत, एवढं नक्की."

"अरे, पण मला समजायला नको?"

"तेच तर, साहेब. समोर कुणीतरी जीव तोडून सांगतंय आणि आपल्याला काही कळत नाही. यांच्या प्रेक्षकांचं रोज असंच होतं. माझ्यामुळे." त्याचा आवाजही आता चढला होता. मी पहिल्यांदाच त्याला चिडलेला बघत होते... आणि का कोण जाणे, मला ते आवडलं. "बातम्या असतील तेवढा वेळ वाटणी मी बदलणार. माझ्या जबाबदारीवर."

"तक्रारींचे फोन तू घ्यायचेस," साहेब गुरगुरले. "सगळे."

"घेईन."

संध्याकाळी बाबांना मी जवळजवळ ओढूनच टीव्हीसमोर बसवलं. बातम्या लागल्या. पडद्यावर मी हात उचलले आणि ते हातच होते. बोटंसुद्धा. अंगठ्याच्या नखावरचा डागसुद्धा. बाबा पुढे सरकले, अजून पुढे, पडद्याला नाक लागेपर्यंत. भिंतीपलीकडे शेजारचे आजोबा ओरडत होते, "अरे चेंडू कुठे गेला? नुसता धूर दिसतोय!"

केंद्राचा फोन कितीतरी वेळ लागेना. लागला तेव्हा पलीकडचा आवाज पार बसलेला होता.

"प्रक्षेपण केंद्र. हो, चेंडू धूसर आहे, माहीत आहे. थोडा वेळ आवाजावर भागवा. तुम्हाला आवाज तरी ऐकू येतो ना? मग..."

"मी बोलतेय."

"हात दिसले?"

"दिसले."

"काका काय म्हणाले?"

"रडतायत." मी बाबांकडे पाठ केली. "मी फार चिडलेय तुमच्यावर."

"आता कशासाठी?"

"इतकं सोपं होतं, म्हणून! एका माणसाने एकदा बघितलं असतं तर झालं असतं, म्हणून!"

"चिडा," तो हळूच म्हणाला. "तुम्ही बरोबरच चिडता."

हे मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. 'जरा शांत हो' असंच सगळे म्हणतात.

मग प्रेक्षक परतले. कुणाकुणाचे आईबाप, एक शिंपी, शाळेतल्या मुली – वाहिनीवर त्यांचे निरोप येत राहिले. महिनाअखेर बातमीपत्र बंद झालं नाही. नवी वाटणी साहेबांनी मुकाट्याने कायम केली. तरी इंजिनिअर आमचा सिग्नल मोजायला येतच होता. कधी वारा सुटला म्हणून, कधी वारा पडला म्हणून. "ठणठणीत आहे," म्हणायचा आणि चहा घ्यायचा. मी दर वेळी काहीतरी भांडण काढायची... तो ते मन लावून ऐकायचा.

एका रविवारी तो मीटर न घेताच आला.

"मला काकांशी बोलायचंय. तुम्ही सांगाल त्यांना?"

"सांगेन. पण माझ्याकडे बघून बोलायचं नाही. त्यांच्याकडे बघा. मी मध्ये नाहीच असं समजा."

तो बाबांसमोर बसला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "काका," तो म्हणाला, "मला तुमची मुलगी आवडते."

माझे हात हवेतच थांबले. "हे मी सांगणार नाही!"

"तुम्ही मध्ये नाही आहात ना?" माझ्याकडे न बघता तो म्हणाला.

बाबांची थाप पडली. माझे गाल तापले होते. दुसऱ्याचं बोलणं पोचवताना 'तो म्हणतो' असं म्हणायचं नसतं. त्याचा 'मी' आपल्याच हातांनी बोलायचा असतो. मी रागारागाने हात उचलले. *मला तुमची मुलगी आवडते.*

"तिचा राग तर जास्तच आवडतो. तो नेहमी दुसऱ्या कुणासाठी असतो."

तेही सांगितलं.

बाबांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांचे हात चालू लागले आणि मला तोंड उघडावंच लागलं. "'पोरगी चिडकी आहे. चिडली की बोलत नाही, भांडी आपटते. मला आवाज ऐकू येत नाही म्हणून मी सुखात आहे. तुझं काय?'"

"चालेल," तो म्हणाला. "आपटू देत."

"'मग मला काय विचारतोस? तिला विचार.'"

तो माझ्याकडे वळला. या खेपेला विचारलं काहीच नाही, नुसतं बघितलं. बाबाही बघत होते. आयुष्यभर मी इकडचं तिकडे, तिकडचं इकडे पोचवत आले. आता पोचवायचं होतं ते माझं स्वतःचं होतं, आणि दोघांनाही एकदमच कळायला हवं होतं. म्हणून मी हात उचलले आणि तोंडही उघडलं.

पण आवाज फुटेना. हात मात्र थांबले नाहीत. माझं 'हो' आधी बाबांना कळलं, आणि बाबांच्या चेहऱ्यावरून त्याला. तो हसू लागला तेव्हा कुठे माझ्या तोंडून पहिला शब्द बाहेर पडला.

"अहो, ऐकून तरी घ्या!" मी ओरडले.