मुखवट्याच्या जागी सुपारी

सभागृहाशेजारच्या दालनातली काचपेटी रिकामी होती. देवीचा चांदीचा मुखवटा नाहीसा झाला होता आणि लाल फडक्यावर एक अखंड सुपारी तेवढी उरली होती.

पालघरच्या त्या लहानशा संग्रहालयातले स्थानिक इतिहासाचे व्याख्यान नुकतेच संपले होते. देवीचे जुने भक्त असलेल्या म्हाताऱ्या धर्माजींचे किनाऱ्यावरचे गाव प्रकल्पासाठी उठले, तेव्हा देवी इथे काचेत आली. उद्याच्या पालखीपुरती ती प्रथमच नवापूरजवळच्या नव्या वस्तीत जायची होती. तिला न्यायला धर्माजींची सासुरवाशीण मुलगी मंदा आली होती.

"दारे लावा!" व्याख्याते नरहरी गरजले. "देव हलवला की जागी सुपारी ठेवतात. हे भाविकाचेच काम! पालखीनंतर परत द्यायला नको, म्हणून. व्याख्यानभर सभागृहाबाहेर कोण होते?"

सगळ्या नजरा सभागृहाच्या उंबऱ्याबाहेर, मुंडण केलेल्या डोक्याने बसलेल्या धर्माजींवर खिळल्या. कोणीतरी त्यांची पिशवी उलटी केली. चष्मा, पाण्याची बाटली, घडी केलेला टॉवेल. म्हाताऱ्याने ते सारे वाकून उचलले.

"मी नाय शिवलो तिला," एवढेच ते म्हणाले.

श्रोत्यांत बोईसरच्या खासगी गुप्तहेर रत्नाबाई होत्या, सोबत भाचा सुजित.

"मावशी, सरळच आहे की!" सुजित कुजबुजला.

"तुला सगळेच सरळ दिसते. गप्प बस." त्या व्यवस्थापक हिमानीकडे वळल्या. "पेटीची किल्ली?"

"कार्यालयात खिळ्याला असते."

"मुखवटा शेवटचा कधी पाहिलास?"

"सगळ्यांना सभागृहात बसवलं तेव्हा होता. मग धर्माजीकाकांना दिवा लावायला बोलवायला गेले. ते हळूच म्हणाले, 'माझ्या हातून नको, बाय.' चार दिवसांपूर्वी त्यांचे थोरले भाऊ गेले. मग मीच लावला."

"आपण तेव्हा कुठे होता, नरहरी?"

"कार्यालयात, चहा घेत होतो. असले उपचार मला रुचत नाहीत." त्यांनी खांद्यावरची शबनम सावरली. व्याख्यान देतानाही ती उतरली नव्हती. विद्वानांची लकब, असे सुजितला वाटले होते.

रत्नाबाईंनी सुपारी उचलून सर्वांना दाखवली.

"ही ठेवणाऱ्याला रीत ठाऊक होती, माणूस ठाऊक नव्हता. धर्माजी सुतकात आहेत. जो दिव्याला हात लावत नाही, तो देवीला लावील? म्हणून तर न्यायला लेक आली. म्हणजे सुपारी त्यांच्यावर आळ घालण्यासाठी ठेवली. हिमानीला सुतक माहीत होते. ती असला खोटा पुरावा रचणार नाही. दिवा लागताना बाकी सारे सभागृहात होते. किल्लीपाशी एकटे आपण होता. म्हणून धर्माजींचा नकार आपण ऐकलाच नाही. शबनम उतरवा."

नरहरींचा चेहरा उतरला. शबनममधून मुखवटा निघाला.

"एकदा तिकडे गेली असती, तर ती परत आली नसती," ते पुटपुटले. "त्या गावावर मी तीस वर्षे बोलतोय!"

"आणि त्या गावचा माणूस दारात बसला, तर त्याच्या मुंडण केलेल्या डोक्याकडे आपले लक्ष गेले नाही."

मंदाने पदर पसरून देवी घेतली. मघाशी आरोप करणारे आता मोबाइल काढून फोटो घेऊ लागले. क्षमा कोणीच मागितली नाही.

"काका, एवढं मनावर घेऊ नका," सुजित ओशाळून म्हणाला.

धर्माजींनी बंद दाराकडे पाहिले.

"येक मुखवटा गेला, तं तुमी दारा लावली, झडत्या घेतल्या. आमचा आख्खा गाव गेला ना बाबा, तवा कोनी साधी कडी पन लावली नाय."

रत्नाबाईंनी स्वतः पुढे होऊन दार उघडले.