पाठीवरचा गिअर

बाबालाल आतारनं काउंटरवर तीन गिअरदर्शक मांडले, आणि कुमुदताई निकमांनी त्यातले दोन लगेच बाजूला सारले. एकावर गिअरचा आकडा लाल अक्षरात उमटायचा. दुसरा तोच आकडा हेल्मेटमध्ये बोलून दाखवायचा.

"बोलणारा माझ्या काय कामाचा?" त्या म्हणाल्या. "आणि आकडा वाचायला मान खाली घातली की गेले मार्क."

पेट्रोलच्या, गिअरच्या मोटारसायकली दुरुस्त करणारा वाईत आता बाबालाल एकटाच उरला होता. बाकी सगळं गाव विजेच्या बिनगिअरच्या गाड्यांवर फिरत होतं. चार वर्षांपूर्वी तापात ताईंचे दोन्ही कान गेले, तेव्हा त्यांना ओठ वाचता यावेत म्हणून त्यानं आपली झुपकेदार मिशी उतरवली होती. त्याच्या बायकोला ते अजून पटलेलं नव्हतं.

नवा नियम मोठा कडक होता. पंचावन्न ओलांडल्यावर गिअरच्या गाडीचा परवाना हवा असेल, तर पसरणी घाट चढून दाखवायचा. हेल्मेटमधला कॅमेरा नजर टिपणार, गाडीवरचं नोंदयंत्र गिअरच्या चुका मोजणार. तिसरी चूक झाली की परवाना कायमचा रद्द आणि गाडी भंगारात. दुसरी संधी नाही. ताई सतराव्या वर्षापासून गाडी चालवत होत्या, निम्म्या तालुक्यातल्या बायकांना त्यांनीच शिकवलं होतं, पण गिअर कधी मोजला नव्हता. इंजिनाचा आवाज बदलला की पाय आपोआप हलायचा. कान गेले तसा तो पायही आंधळा झाला.

"मग ही त्वचापट्टी घ्या," बाबालाल म्हणाला. "पाठीला चिकटवायची. इंजिनाचे फेरे किती आणि चाकाचे किती, त्यावरून यंत्र गिअर ओळखतंय. पहिला असला की कमरंजवळ टोचणार, पाचवा असला की मानंजवळ."

दुपारभर जोडणी चालली. टाकीखाली डबी बसली, मागच्या चाकाला लोहचुंबक लागलं. मग ताईंनी गाडी एकेका गिअरमध्ये पळवली आणि बटण दाबून यंत्राला तो शिकवला. पट्टीत आणखी एक सोय होती. इंजिनाची बारीक थरथरही ती पाठीवर उतरवायची.

"ती बंद करतो," बाबालाल म्हणाला. "आम्हा मिस्त्रींसाठी असती ती. तुम्हाला उगं गुदगुल्या."

"राहू दे रे. तेवढीच सोबत."

तीन आठवडे त्यांनी सराव केला. चाचणीच्या सकाळी यजमान यशवंतराव बसनं पुढे जाऊन घाटमाथ्यावर थांबले. पूर्वी ताई निघताना ते अंगठीनं टाकीवर दोनदा टकटक करायचे. कान गेल्यावर त्यांनी ते सोडलं होतं. ऐकणारच कोणी नसेल तर वाजवायचं कशाला?

पहिल्याच वळणावर पट्टी वेड्यासारखं करू लागली. दुसरा, तिसरा, पुन्हा दुसरा. ताईंनी तिचं ऐकून गिअर टाकला आणि गाडीनं हिसका दिला. एक चूक. पुढच्या वळणावर दुसरी. आता आणखी एक झाली की गाडी भंगारात.

पण गाडी आज नेहमीपेक्षा जोरात उसळत होती, आणि त्यांच्या डोक्यात उजेड पडला. चेनचं पुढचं दातेरी चक्र, म्हणजे स्प्रॉकेट, घाटासाठी लहान बसवायचं ही वाईच्या गॅरेजांची जुनी रीत. काल रात्री बाबालालनं प्रेमापोटी, न विचारता, सतरा दात्यांचं काढून चौदाचं घातलं असणार. म्हणजे यंत्राला शिकवलेलं फेऱ्यांचं सगळं प्रमाण पाण्यात.

ताईंनी मनातल्या मनात त्याला चार शिव्या हासडल्या आणि टोचण्यांकडे लक्ष देणं सोडून दिलं. मग खालची थरथर जाणवली. इंजिन दमलं की ती जाडीभरडी व्हायची, मोकळं धावलं की बारीक. तीन आठवडे त्यांच्या नकळत पाठ ती शिकत होती. थरथर जाड झाली, आणि विचार करायच्या आत पाय हलला. चार वर्षांनी पायाला डोळे आले होते. ताई हेल्मेटच्या आत रडत होत्या आणि वळणामागून वळण मागे टाकत होत्या.

"दोन चुका. पास," माथ्यावरच्या अधिकाऱ्यानं पाटीवर लिहून दाखवलं.

मागोमाग आलेला बाबालाल ओशाळून समोर उभा राहिला. "ताई, स्प्रॉकेट..."

"कळलं मला. तुझं प्रेम जरा विचारून करत जा."

ताईंनी इंजिन बंद केलं. पाठ शांत झाली. इतक्यात यशवंतरावांनी, आनंदाच्या भरात, जुन्या सवयीनं टाकीवर अंगठी वाजवली. ताई दचकल्या. त्यांच्या पाठीवर दोन स्पष्ट टकटकी उमटल्या होत्या.

"अहो, पुन्हा वाजवा."

त्यांनी पुन्हा वाजवली. मग ते वाकले आणि टाकीला ओठ टेकवून काहीतरी बोलले. ताईंच्या पाठीवरून संथ लाट गेली. शब्द एकही कळला नाही, पण तो आवाज यांचाच होता.

"बाबालाल," ताई म्हणाल्या, "इंजिनाची बोली पाठीला तीन आठवड्यांत आली. माणसाची यायला किती दिवस लागतील रे?"

बाबालालनं डबीकडे पाहिलं. मग वरच्या ओठावरून हळूच बोट फिरवलं.

"म्हणजे ताई, मिशी वाढवायला घेऊ का आता?"