परसातली लाल अंबाडी

आमच्या परसात चोर शिरला होता आणि चक्क अंबाडीची बोंडं खुडत होता!

दासगावात एवढा खुळा चोर कोण, म्हणून मी कुडापाशी गेले. उंच, उन्हानं रापलेला, अंगात पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट. मोहल्ल्याच्या टोकाच्या घरातला मुराद. बोटीवर खलाशी होता, खूप दिवसांनी लाँचनं घरी आलाय, एवढं कानावर आलं होतं.

“पाला खातात,” मी म्हटलं. “बोंडं आम्ही बियाण्याला ठेवतो.”

“मग काय खाता तुम्ही, कप्पाळ!” तो हसला. “याचं सरबत करतात. आलं घालून. जमैकात हे नसलं तर नाताळच होत नाय.”

“आणि हे जमैका कुठं आलं?”

“लई लांब...” त्यानं हातातलं बोंड फिरवलं. “इतकं लांब, की तिथं अंबाडी दिसली आणि मला रडू आलं.”

रडू आलं असं सांगणारा पुरुष मी पहिल्यांदाच पाहत होते. तिथंच तो मला आवडला, उगाच कशाला लपवू?

पण आमच्या घरात बोटवाल्याचं नाव काढायची सोय नव्हती. अब्बाही बोटीवरच. लहानपणी ते आले की मी परका माणूस समजून दाराआड लपायची. अम्माचा उभा जन्म धक्क्याकडे डोळे लावण्यात गेला. “माझ्या महरुन्निसाला विहिरीत ढकलीन, पण बोटवाल्याला देणार नाय,” असं ती चारचौघांत म्हणायची. घरात आम्ही दोघी, पण संध्याकाळी आवाज एकीचाही नसे.

मुराद मात्र रोज काहीतरी निमित्त काढून कुडापाशी यायचा आणि मी वाळत घातलेलं कापड पुन्हापुन्हा वाळत घालायची.

“बोट बिघडली, म्हणून आम्ही किंगस्टनच्या गोदीत अडकलो,” तो सांगायचा. “नाताळचा दिवस. बाकीचे गेले फिरायला, मी एकटाच धक्क्यावर बसलेला. तिथं मिस ऐवी म्हणून एक म्हातारी फळं विकायची. हाताला धरून घरी घेऊन गेली. म्हणाली, आज कुणी एकटं जेवायचं नाय. दारातल्या दगडांना, झाडांच्या बुंध्यांना पांढराशुभ्र चुना. आणि रस्त्यात सोंगं! कुणी घोड्याचं मुंडकं घातलेलं, कुणी बैलाचं. ढोल, पावा...”

“शिमगाच की हा!”

“तर! मी त्या गर्दीत आपल्या गावच्या सोंगाड्या मालोजीला शोधत होतो.”

मला हसू आवरेना. “आणि जेवायला?”

“बोकडाचं कालवण. भातात तुरीचे दाणे आणि नारळाचा रस. शिवाय काळा केक. त्यातली फळं वर्षभर दारूत भिजवलेली. मी नको म्हटलं, तर म्हातारीनं दुसऱ्या दिवशी माझ्यापुरता बिनदारूचा केक केला. आणि लगेच पुढच्या नाताळची फळं भिजत घातली. तिचा पोरगाही बोटीवर हाय... त्याच्यासाठी.”

त्या दिवशी मी बोंडं सोलली, आलं ठेचलं, वर उकळतं पाणी ओतून झाकून ठेवलं. दुसऱ्या सकाळी कुडावरून पेला पुढे केला. मुरादनं पेल्याकडे पाहिलंच नाही. तो माझ्या लाल झालेल्या बोटांकडे पाहत होता.

“मेंदी लागली वाटतं?”

“गप्प बसा! सरबत प्या.”

तो घटाघटा प्यायला आणि रिकामा पेला पुन्हा पुढे केला.

दोन दिवसांनी त्याला बोटीवरून बोलावणं आलं. धक्क्यावर भरतीचं पाणी चढत होतं. पोहोचवायला आलेल्या बायकांच्या घोळक्यात मीही उभी होते. लाँचकडे जाता जाता तो माझ्याजवळ क्षणभर थांबला.

“पुढच्या नाताळाला येतो. तोवर... माझ्यासाठी फळं भिजत घालशील?”

काय विचारतोय ते मला पुरतं कळलं होतं. पण समोर अम्माचं सगळं आयुष्य दिसत होतं. मी गप्प राहिले आणि लाँच गेली.

घरी आले आणि तडक बरणी काढली. खजूर, बेदाणे घातले, वर उरलेलं सरबत ओतलं. दारू तर आमच्या घरात यायची नव्हती. तिच्याऐवजी फळं टिकवणारं दुसरं काही हवं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आठवड्याभरात बरणी फसफसली, घरभर आंबूस वास सुटला. मी बरणी पोटाशी धरून रडत बसले.

अम्मानं बरणीच्या तोंडाचं फडकं सोडून वास घेतला. “कुणासाठी गो?”

“...मुरादसाठी.”

तिनं माझ्या हातातून बरणी काढून घेतली. दुसऱ्या दिवशी पाहते तर बरणी धुऊन उन्हात पालथी घातलेली आणि चुलीवर साखरेचा पाक.

“मुरांब्यासारखं घालायचं. पाक जितका घट्ट, तितकं जास्त टिकतं,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “तुझ्या अब्बासाठी घालते, तसं.”

पुढच्या डिसेंबरात अंबाडी पुन्हा लालभडक झाली. मी दारातले दगड चुन्यानं रंगवले, सरबत केलं. नाताळच्या दिवशी भरतीबरोबर लाँच आली. एकेक माणूस उतरला. मुराद उतरला नाही. लाँच रिकामी झाली तरी मी उभीच होते.

घरी आले. अम्मानं तुरीच्या दाण्यांचा भात केला होता, नारळाच्या रसातला. तीन ताटं मांडली होती.

“नाय आला,” मी म्हटलं.

“तुझा अब्बा कधी सांगितल्या दिवशी आलाय? पण येतो ना?” तिनं तिसऱ्या ताटातही भात वाढला. “बस. आज एकटं जेवायचं नसतं म्हणं.”

म्हणजे कुडापलीकडचं सगळं हिनं ऐकलं होतं! मी तिच्याजवळ बसले. धक्क्यावर त्याला द्यायचं राहिलेलं उत्तर तिला दिलं.

“अम्मा, मी वाट बघणार त्याची.”

“ठाऊक हाय,” अम्मा म्हणाली. “म्हणून तर पाक घट्ट केला.”