गेटच्या अलीकडे

रिव्हर्स घेताना ट्रेलरचं डोकं एकीकडे वळवलं की शेपूट दुसरीकडे जाते. एवढी साधी गोष्ट माझ्या नवऱ्याला, प्रीतमला, कधी जमली नाही. मला लहानपणीच जमली होती. बाबांचा डंपर आणि उरणकडचं ओसाड मिठागर, हीच माझी शाळा. त्यामुळे जासईच्या यार्डांतून कंटेनर उचलून तळोज्याला पोचवायचा आमचा धंदा खरं तर मीच ओढायचे. प्रीतम सरळ रस्त्यावर चालवायचा, गप्पा मारायचा आणि केबिनमध्ये स्टोव्हवर भात माझ्यापेक्षा चांगला करायचा. दिवस मजेत चालले होते.

धंद्याच्या पहिल्याच आठवड्यात यार्डात त्याचा चुलतभाऊ कान्हा सगळ्यांदेखत म्हणाला, "प्रीतम, वहिनीनं तुला क्लीनर ठेवलाय काय?"

सगळे हसले. प्रीतमही हसला, पण त्याचे कान लाल झाले. दुसऱ्या दिवसापासून आम्ही यार्डाच्या गेटच्या अलीकडे, पुलाखाली, जागा बदलू लागलो. स्टिअरिंगवर तो आणि मी सीटमागच्या झोपायच्या फळीवर, पडदा ओढून. आत गेलं की मी पडद्याआडून कुजबुजायचे, "डावीकडं काप, आता सोड," आणि तो गाडी लावायचा. शाबासकी त्याला मिळायची. पडदा मी स्वतः शिवला होता, माझ्या हळदीच्या साडीचा. त्याची मला अजून लाज वाटते.

नंतरची सुरुवात फालतू गोष्टीने झाली. नावड्याच्या टपरीवर मी दोन चहा सांगितले. टपरीवाल्याने एकच दिला, प्रीतमला. गर्दी होती, मी मनावर घेतलं नाही.

मग नेरूळजवळच्या पेट्रोल पंपावर मी संडासात असताना साफसफाईच्या बाईने बाहेरून कुलूप घातलं. दार बडवून माझे तळहात सुजले. ती दारासमोरच फरशी पुसत होती. बादलीत फडकं पिळल्याचा आवाज मला आत ऐकू येत होता. शेवटी मी प्रीतमला फोन केला आणि त्याने कुलूप उघडायला लावलं. दारात मी घामाने थबथबून उभी. बाई आत डोकावून त्याला म्हणाली, "बघा. हाय का कोन?"

प्रीतम हाताला धरून मला गाडीपर्यंत घेऊन गेला.

तिसरी वेळ तळोज्याच्या सिग्नलला, भर दुपारी. गाडी माझ्या हातात होती. ट्रॅफिक हवालदार आला आणि माझ्या बाजूच्या पायरीवर चढला. त्याच्या तोंडातल्या पानाचा वास मला येत होता. माझ्यापलीकडे बघत तो प्रीतमवर खेकसला, "इंजिन चालू ठेवून तिकडं काय बसलास? ड्रायव्हरची सीट कोनी सांभाळायची?"

मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसले होते.

"सॉरी साहेब," प्रीतम म्हणाला.

हवालदार गेल्यावर मी त्याच्याकडे पाहिलं. तो घाबरला होता, ते दिसतच होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखंही काहीतरी होतं. ते ओळखायला मला वेळ लागला नाही, लग्नाच्या बायकोला लागत नाही. मला त्याचीच लाज वाटली आणि मग स्वतःची, पडदा शिवणारीची.

"आज गेटवर माझं नाव घे," मी म्हटलं. "सोनल, माझी बायको, गाडी तीच चालवते. एवढंच बोल."

"उगाच टेन्शन घेतेस."

"घेते. पन तू बोल. नायतर मी उरनारच नाय, प्रीतम. मला कळतंय ते."

"बोलतो," तो म्हणाला. "तुझी शपत."

पुलाखाली त्याने स्टिअरिंग घेतलं. मी मागे गेले नाही. त्याच्या बाजूच्या सीटवर, काचेतून सगळ्यांना दिसेन अशी, ताठ बसले.

गेटवर वॉचमन होता. शेजारी कान्हा आणि गावातली दोघं तंबाखू मळत उभी.

"सोबत कोन?" वॉचमनने विचारलं.

प्रीतमने माझ्याकडे पाहिलं. नीट, डोळ्यांत पाहिलं. मग कान्हाकडे पाहिलं.

"कोनी नाय," तो म्हणाला.

गेट वर गेलं.

मी त्याच्या मनगटावर हात ठेवला. माशी बसावी तसा त्याने हात झटकला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं.

तो रिव्हर्स घेऊ लागला. "डावीकडं काप," मी म्हटलं. मग ओरडले. तो आरशात बघत होता.

माझ्याशिवाय ट्रेलर कधीच सरळ गेला नव्हता. आज गेला. क्लच अर्धा दाबून, स्टिअरिंग दोनदा हलकेच वळवून, अगदी माझ्या पद्धतीने.

मी सीट घट्ट धरली. बोटांखाली काहीतरी करकरलं. नव्या गाडीच्या सीटवर कंपनीचं प्लास्टिक असतं, ते. पूजेच्या दिवशी मी ते फाडून फेकलं होतं.

कान्हा माझ्या बाजूच्या खिडकीशी आला. "एका दमात लावलीस की. कोनी शिकवलं रे?"

"आपोआप आलं."

"धंदा लागला, गाडी आली." कान्हाने पायरीवर पाय ठेवला आणि माझ्या अंगावरून हात नेऊन डॅशबोर्डवरची माचीस उचलली. "आता लगीन करून टाक. एकट्यानं किती फिरशील?"

मी प्रीतमकडे बघत राहिले.

"बगू," तो म्हणाला आणि मान खाली घालून लाजला. मला बघायला आला होता, तेव्हा अगदी असाच लाजला होता.