उजेडाची वहिवाट

पहिल्या भेटीत त्याला मी दिसलेच नाही.

बाहेर भुरभुर पाऊस होता. मोडक्या चष्म्याचे दोन तुकडे तळहातावर घेऊन तो दुकानात शिरला आणि काउंटरवरच्या उभ्या आरशाला म्हणाला, "ताई, जरा एवढं जोडून मिळेल का?" मी आरशाच्या बाजूलाच उभी होते. हसू दाबत "इकडे," म्हटलं, तेव्हा तो वळला... आणि माझ्या कानापलीकडे कुठेतरी बघत लाजला.

हे दुकान मामाचं. फिजिक्सची पदवी घेतल्यापासून मी मागच्या खोलीत काचा घासते आणि तपासते. त्या खोलीला उत्तरेकडे एक खिडकी आहे. उत्तरेचा उजेड दिवसभर बराचसा एकसारखा राहतो, डोळ्यांत घुसत नाही आणि काचेवरचा केसाएवढा ओरखडाही लपू देत नाही. त्या दिवशी मामा त्या खिडकीपायीच कावला होता. मागचा बेकरीवाला गोदामाची भिंत चढवणार होता, थेट खिडकीला खेटून. भिंत त्याच्या जागेत, मग आपण बोलणार काय, असं मामाचं चाललं होतं.

"बोला की," बाकावर बसलेलं आमचं आंधळं गिऱ्हाईक म्हणालं. "तुमचा सुखाधिकार आहे."

मला वाटलं, बिचाऱ्याला दिसत नाही तसं सुचतही नसावं. सुखाचा अधिकार, आणि तोही कायद्यात? न राहवून विचारलंच. तेव्हा कळलं की तो समोरच्या वकीलबाईंचा सहायक, आणि शब्द अस्सल कायद्याचा. दुसऱ्याच्या जागेवरून आपल्याकडे येणारा उजेड, वारा, पाणी, आपली जाण्यायेण्याची वाट... यांवर आपला हक्क असतो, तो सुखाधिकार. जागा त्याचीच राहते. सुख तेवढं आपलं.

चष्मा जोडून मी त्याच्या नाकावर बसवला. त्याने पहिल्यांदा मला नीट पाहिलं, आणि त्यानंतर 'ताई' हा शब्द पुन्हा कधी उच्चारला नाही. मामाच्या ते बरोबर लक्षात आलं.

भिंतीचं भांडण लवकरच मिटलं. बेकरीवाला समजूतदार निघाला. त्याने भिंत खिडकीपासून लांब आणि ठेंगणी बांधली. म्हणजे खरं तर वकिलाचं आमच्याकडे काही काम उरलं नाही. तरी दुपारच्या सुट्टीत तो यायचा, खिडकीखालच्या स्टुलावर बसायचा आणि जुने दस्त वाचायचा. मी काच घासता घासता शब्दांचे अर्थ विचारायचे. जुन्या कागदांत 'जिंदगी' म्हणजे माणसाची मालमत्ता, हे ऐकून मी हातातली काच खाली ठेवली होती. 'दरोबस्त' म्हणजे सगळंच्या सगळं... जमीन, तिच्यावरची झाडं, विहीर, दगड, काहीही मागे न ठेवता. 'मजकूर इसम' म्हणजे वर सांगितलेला माणूस. हा शब्द मामाने उचलला. त्याला यायला जरा उशीर झाला, की मामा बाहेरून विचारायचा, "मजकूर इसम आज आले नाहीत वाटतं?"

आणि एक शब्द, वहिवाट. उघडपणे, शांतपणे, खंड न पडता वीस वर्षं वापर केला, की त्याचाच हक्क होतो, असं तो म्हणाला. मला अटी तपासून घ्यायची सवय. मी विचारलं, मालकाने आपणहून 'घ्या खुशाल' म्हटलं तर?

"मग संपलं," तो म्हणाला. "परवानगीने घेतला तर तो उपकार. हक्क कधीच होत नाही."

हे मी मनात ठेवलं. त्या दुपारपासून त्याला 'या' म्हटलं नाही. 'बसा' नाही. 'उद्या येणार ना?' हे तर रोज ओठांपर्यंत यायचं... मी काच उजेडात धरून ओरखडे शोधत राहायचे. तो यायच्या आधी स्टूल मात्र पुसून ठेवायचे. तो दारात क्षणभर थांबायचा, काहीतरी ऐकायला थांबल्यासारखा, आणि मग निमूटपणे बसायचा.

एका दुपारी त्याने दस्त उघडलाच नाही. न्यायाधीशाच्या परीक्षेत त्याची निवड झाली होती. नेमणुकीचं गाव लांबचं, आणि गाडी संध्याकाळचीच.

मी अभिनंदन केलं. ते माझं मलाच नीट ऐकू आलं नाही.

"एक विचारू?" तो म्हणाला. "इतके दिवस येतोय मी. तू 'नको' म्हणाली नाहीस, पण एकदाही 'या' म्हणाली नाहीस. मला वाटलं... नुसतं चालवून घेतेयस."

"म्हटलं असतं, तर उपकार झाला असता."

"म्हणजे?"

"तुम्हीच सांगितलंत. परवानगीने येणाऱ्याचा हक्क होत नाही."

त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. काच स्वच्छच होती, मला इथूनही दिसत होतं.

"आणि वीस वर्षं गप्प बसणार होतीस?"

"बसणार होते. पण आता... खंड पडला ना."

"नाही पडत." तो उठून खिडकीपाशी आला, उजेडात. "स्वतःहून लांब गेला, तर तो खंड धरत नाहीत. समोरच्याने अडवलं, तरच धरतात. तू अडवणार आहेस?"

मी नुसती मान हलवली. नाही.

"पण हक्क सांगायचाय कशावर?" धीर करून मी विचारलं. "स्टुलावर?"

"दरोबस्त," तो म्हणाला.

बाहेर मामा उगाचच खाकरला. इकडे तो दारापर्यंत गेला, थांबला, वळला आणि निघताना सगळेच म्हणतात तसं म्हणाला, "येतो."

यावर उत्तर एकच असतं. ते माझ्या जिभेवर आलं, आणि मी ओठ घट्ट मिटले. त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तो हसत हसत पायऱ्या उतरला.

स्टूल खिडकीखालीच आहे. काल मामाने त्यावर काचांचं खोकं ठेवलं होतं. मी ते उचललं, आणि स्टूल पुसून ठेवलं.